तीनच्या शोचा शेवट

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही ऑपरेटर होतात ना? टेलिफोनवर लोक कसे भांडायचे, त्याच्यावर मस्त लिहा." मी म्हटलं, "बेटा, मी सिनेमाचा ऑपरेटर." ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे तिकिटं फाडायचात?" तिचं काही चुकलं नाही. दिल्लीतला मराठी माणूस म्हणजे एक तर मंत्रालयात फायली हलवणारा, नाही तर परीक्षेची तयारी करणारा. मी दोन्हीत नापास झालो आणि थिएटरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. माझे बाबा भंडाऱ्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले होते. मुलगा सिनेमा दाखवतो हे ते पाहुण्यांना सांगायचे नाहीत, "विजेच्या खात्यात आहे" म्हणायचे. तेही खोटं नव्हतं, कारण माझ्याकडे विजेच्या कामाचं लायसन्स होतं.

थिएटर नोएडात होतं. तेव्हाचा नोएडा म्हणजे निम्मे सेक्टर नकाशावर आणि निम्म्यांत मोहरी. आमचे मॅनेजर भसीनसाहेब मला पहिल्या दिवसापासून "मिश्राजी" म्हणायचे. माझं आडनाव मेश्राम. मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी दिवाळीला मला "पंडितजी, मुहूर्त बताइए" म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "साहब, हमारे यहाँ बुद्धवंदना होती है, मुहूर्त नहीं." ते म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल," आणि पुढेही मिश्राजीच म्हणत राहिले. त्यांना काही कळलं होतं की नव्हतं, मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आता धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ, फार तर वीस मिनिटांचं. केबिनमध्ये दोन मशिनं. एकावर रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक गोल ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. परत ठिपका आला की या मशिनचा उजेड बंद, त्याचा चालू. हे नीट जमलं तर खाली बसलेल्या हजार माणसांना काही कळत नाही, आणि नाही जमलं तर हजार माणसं तुमच्या आईची आठवण काढतात. आजही टीव्हीवर जुना सिनेमा लागला आणि कोपऱ्यात ठिपका दिसला की माझा हात आपोआप उठतो. बायको म्हणते, "बसा, कोणी मारत नाही तुम्हाला."

लोकांना वाटतं ऑपरेटर रोज फुकटात सिनेमे बघतो. कसले बघतो? मशिनच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, त्या जळत जातात तशा जवळ आणत राहाव्या लागतात. बघायचं ते फक्त रिळाचं शेपूट. मला विचाराल तर शेकडो सिनेमांचे मी फक्त सांधे पाहिलेत. हिरो कुठल्या तोंडाने दाराबाहेर गेला हे सांगेन, का गेला ते विचारू नका.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. जवळच्या गावातले एक चौधरी होते. त्यांची जमीन सेक्टरात गेली आणि हातात एकदम वेळच वेळ आला. ते रोज बाल्कनीत यायचे, दोन तिकिटं घ्यायचे, एक स्वतःला आणि एक पगडीला. पडद्यावर शेत दिसलं की मोठ्याने विचारायचे, "ये खेत अब कौन से सेक्टर में आ गया?" सगळी बाल्कनी हसायची. ते मात्र हसायचे नाहीत, उत्तराची वाट बघायचे.

एकदा एकच प्रिंट दोन थिएटरांत चालत होती. म्हणजे यमुनेपलीकडच्या थिएटरात एक रीळ संपलं की एक सरदारजी ते स्कूटरवर घालून आमच्याकडे आणायचे, आमचं झालेलं तिकडे परत न्यायचे. सगळं खरं तर त्यांच्या स्कूटरवर चालायचं. एके दिवशी पुलावर जाम लागला. इकडे हिरोइनने दार उघडलं, दारात कोण आहे ते पुढच्या रिळात, आणि पुढचं रीळ यमुनेवर. भसीनसाहेबांनी साबणाची जाहिरात चार वेळा लावायला सांगितली. पाचव्या वेळी पब्लिकने जाहिरात पाठ म्हणायला सुरुवात केली. सरदारजी घामाघूम होऊन वर आले तेव्हा मी त्यांना आधी पाणी दिलं, मग रीळ घेतलं.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच एका सिनेमाबद्दल. नाव नाही सांगत. नव्वदीच्या मध्यातला होता, सेटवर परदेशी फोन आणि नवी कोरी गाडी असायची, त्या वेळचा. गोष्ट साधी. कॉलेजात प्रेम असलेले दोघं तुटतात, पुष्कळ वर्षांनी एका डोंगराळ गावात भेटतात. तो एकटा, ती एकटी. शेवटी ती परत निघते. बस येते, बस जाते, धूळ उडते. धूळ बसते तर रस्ता रिकामा. तो घरी येऊन खिडकी लावतो. संपलं.

दिल्लीच्या पब्लिकने पहिल्याच रविवारी तीन खुर्च्या फाडल्या. "इतने साल बाद मिले और फिर टाटा? पैसे वापस करो." अशा तक्रारी सगळीकडून गेल्या असाव्यात, कारण दुसऱ्या आठवड्यात चांदनी चौकातल्या वितरकाकडून शेवटचं रीळ नवं आलं. त्यात बस जाते, धूळ बसते, आणि बाई बॅग घेऊन तिथेच उभी. घाईघाईत शूट केलेलं. बसमध्ये चढताना निळी साडी होती ती धूळ बसेपर्यंत पिवळी झाली होती. पब्लिकला त्याचं काही नाही, शिट्ट्यांनी छत उडायची वेळ.

आता जुनं रीळ परत पाठवायचं होतं. पण तीनच्या शोला येणाऱ्या बायकांनी भसीनसाहेबांना गाठलं. आसपासच्या ऑफिसांतल्या, शाळांतल्या, घरातलं आवरून आलेल्या. म्हणाल्या, "भाईसाहब, हमें तो पहले वाला चाहिए. घर में रोने का टाइम कहाँ मिलता है?" भसीनसाहेब पंजाबी, गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी फैसला केला, "मिश्राजी, तीन बजे रुलाओ, छह और नौ बजे मिलाओ." तसे दोन्ही डबे माझ्या केबिनमध्ये राहिले आणि आमच्याकडे एकाच सिनेमाचे दोन शेवट चालू झाले. दिल्लीत असं आणखी कुठं झालं असेल तर मला माहीत नाही.

इथे माझी ताई येते. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबा रिटायर झाले तेव्हा ती मंत्रालयात लागली आणि सरकारी क्वार्टर तिच्या नावावर मिळालं. पुढे आर. के. पुरमला दोन खोल्यांचं मिळालं, तेही तिच्याच नावावर. मी, माझी बायको सुनंदा, आमची दोन मुलं, सगळे ताईच्या क्वार्टरमध्ये राहायचो. थिएटरच्या पगारात दिल्लीत दुसरं घर होणार नव्हतं. ताईने लग्न केलं नाही. का नाही, ते घरात कोणी काढत नसे.

कारण मला माहीत होतं. लहानपणी आम्ही लक्ष्मीबाई नगरला राहायचो, तेव्हा समोरच्या ब्लॉकमध्ये अरविंदचं घर होतं, पुण्याकडचं. तो आणि ताई एकाच बसने कॉलेजला जायचे. दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे फराळाला जायचो. ताई मदतीला म्हणून आत जायला लागली की त्याची आई गोड आवाजात म्हणायची, "तू बस गं बाहेर, पाहुणी आहेस." वर्षानुवर्षं ताई पाहुणीच राहिली. मग एके दिवशी त्याच्या वडिलांची बदली झाली. ट्रक आला, सामान भरलं, अरविंद ट्रकमध्ये गाद्यांवर बसला, त्याने हात हलवला आणि गेला. पत्र नाही, निरोप नाही.

आणि वीसेक वर्षांनी तो परत आला. नोएडात टीव्हीचे संच बनवणारी एक परदेशी कंपनी आली होती, तिच्यात मोठा साहेब होऊन. बायको वारली होती, मुलगी होस्टेलला. शेजारच्यांच्या फोनवर त्याचा फोन आला, ताई धावत गेली. मग रविवारी लोदी गार्डन सुरू झालं. ताई घरी येऊन गुणगुणायला लागली. माझ्या धाकट्याने विचारलं, "आत्या, आज तुम बहुत हॅपी हो?" ताई म्हणाली, "मराठीत बोल." त्याला "आनंदात" हा शब्द आठवेना, तो म्हणाला, "तू खूप छान दिसतेस," आणि ताई लाजली. चाळीशी उलटलेली बाई लाजताना मी पहिल्यांदा पाहिली.

सुनंदा रात्रीची भांडी आवरताना हळूच म्हणाली, "ताईंनी लग्न केलं नि त्या त्याच्या फ्लॅटवर गेल्या, तर क्वार्टर सोडावं लागेल. आपण कुठं जायचं? मुलांची शाळा इथली." मी म्हटलं, "तुला ताईचं चांगलं झालेलं नको का?" ती म्हणाली, "हवंय हो. दोन्ही हवंय. म्हणून तर झोप येत नाही." मीही त्याच चुलीवर भाजत होतो, फक्त बोललो नव्हतो.

शुक्रवारी ताई म्हणाली, "उद्या अरविंद मला तुझ्या थिएटरला आणतोय. तोच सिनेमा. म्हणतो, आपल्यासारखीच गोष्ट आहे, तू बघच. तीनच्या शोला."

मी म्हटलं, "सहाला या ना. ऊन कमी असतं."

"नाही, तीनलाच म्हणाला. तिकिटंही काढलीत."

आता माझी अवस्था समजून घ्या. तीनला बाई बसने निघून जाते. ताई एवढ्या वर्षांनी त्याच्या शेजारी बसून बघणार काय, तर रिकामा रस्ता आणि बंद खिडकी. सिनेमा बघून माणसं निर्णय घेत नाहीत, हे मला कळतं. पण मी केबिनमधून बघितलेलंही आहे. माणसं आत येतात ती वेगळी आणि बाहेर पडतात ती वेगळी, निदान स्कूटरस्टँडपर्यंत तरी.

शनिवारी मी दोन डबे समोर ठेवून बसलो. एका मनाने म्हटलं, तीनला जुनं रीळ लावायचा इथला रिवाज आहे, तो तू पाळ, कोणी बोट दाखवणार नाही. शिवाय क्वार्टर. दुसऱ्या मनाने म्हटलं, अरे नालायका. इंटरव्हलला मी खिडकीच्या काचेतून पाहिलं. मधल्या रांगेत ताई बसली होती, मे महिन्याच्या उन्हात हिरवी रेशमी साडी नेसून, बसने आलेली. तो समोसे घेऊन आला, तिने त्याच्या शर्टवरचा चुरा झटकला. मी मुकाट्याने नवं रीळ मशिनवर चढवलं.

ठिपका आला, मी मशीन बदललं. बस गेली, धूळ बसली, बाई उभी. पिवळी साडी. तीनच्या शोच्या बायकांत एकदम खळबळ. एक म्हणाली, "ये क्या, आज तो रुमाल भी नहीं निकाला." मला त्यांच्याशी देणं-घेणं नव्हतं. मी फक्त दोन डोकी बघत होतो. ताईचं डोकं त्याच्याकडे वळलं. त्याचं पडद्याकडेच, ताठ. मग दिवे लागायच्या आधीच तो उठला.

केबिनच्या मागच्या झरोक्यातून स्कूटरस्टँड दिसतो. दोघं तिथे उभे होते. तो बोलत होता, ती ऐकत होती. पुष्कळ वेळ तोच बोलत होता. मग त्याने ऑटोला हात केला. ताई बसली नाही. ती चालत बसस्टॉपकडे गेली. मला खाली धावायचं होतं, पण सहाच्या शोची गर्दी आत येत होती आणि ऑपरेटरला केबिन सोडता येत नाही. वर भसीनसाहेब येऊन ओरडत होते, "मिश्राजी, तीन बजे वाली लेडीज़ दफ्तर में बैठी हैं, अब इनको रुलाऊँ कैसे?"

मी घरी पोचलो तर ताईने वरण-भात करून ठेवला होता. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, मी सुनंदाकडे. ताई म्हणाली, "शेवट चांगला होता रे." बस. अरविंदचा फोन पुन्हा आला नाही. लोदी गार्डन बंद. गुणगुणणं बंद. ताई नऊची बस पकडून ऑफिसला जात राहिली आणि आम्ही तिच्या क्वार्टरमध्ये राहत राहिलो.

आम्ही दोघांनी त्याचा एकच अर्थ काढला. ताईने आमच्यासाठी नाही म्हटलं. क्वार्टरसाठी, मुलांच्या शाळेसाठी. विचारायची हिंमत झाली नाही. "हो" म्हणाली असती तर तोंड कुठे लपवायचं? सुनंदाने त्या दिवसापासून तव्यावरची पहिली पोळी ताईच्या ताटात वाढायला सुरुवात केली. ताईला आधी, मग मुलांना, मग मला. मी थिएटरातलं जुनं रीळ वितरकाकडे परत पाठवून दिलं. तीनच्या बायकांनी हळूहळू यायचं सोडलं. काही वर्षांनी थिएटरच पाडलं, तिथे मॉल झाला, आणि मी मॉलच्याच वरच्या मजल्यावरच्या मल्टिप्लेक्समध्ये बटण दाबून सिनेमा लावायच्या कामाला लागलो. ठिपका नाही, कांड्या नाहीत. काम सोपं झालं आणि माझं लक्ष उडालं.

ताई रिटायर झाली, क्वार्टर सुटलं. मुलगा कमावता झाला होता, त्याने गाझियाबादकडे नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ताई आमच्याबरोबरच आहे. तिची खोली सर्वांत हवेशीर, हे सांगायला नको.

मागच्या महिन्यात दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. मी चॅनल बदलायला रिमोट शोधत होतो, ताई म्हणाली, "असू दे." सुनंदा भाजी निवडत होती. आम्ही तिघांनी अख्खा बघितला. मला त्यातलं बोलणं पहिल्यांदाच ऐकू आलं, बऱ्यापैकी होतं. शेवट आला. बस गेली. धूळ बसली. रस्ता रिकामा. त्याने खिडकी लावली. टीव्हीवाल्यांना जुनं रीळ मिळालं होतं.

ताई म्हणाली, "हां. हा त्याने पाहिलेला."

"कोणी?"

"अरविंदने. आदल्या आठवड्यात एकटा येऊन बघून गेला होता, तुझ्याच थिएटरला, तीनच्या शोला. म्हणून तर मला तीनलाच आणलं. त्याला वाटलं, सिनेमा संपेल, मी समजून जाईन. मी समजूतदार ना पहिल्यापासून."

माझ्या डोक्यात काही शिरेना. मी म्हटलं, "म्हणजे तो नाही म्हणायला आला होता?"

"सिनेमाकडून म्हणवायला आला होता. आणि बघतो तर काय, बाई उभीच. साडी बदललेली, तरी उभी." ताई हसली. "मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, हेच सांगायला आणलंय मला. त्याचा चेहरा असा झाला, की विचारू नको. बाहेर येऊन म्हणाला, 'हे असं नव्हतं.' मी म्हटलं, 'काय असं नव्हतं?' मग सांगावं लागलं त्याला. मुलगी मोठी होतेय, लोक काय म्हणतील. आणि म्हणाला, 'आई अजून आहे.'"

सुनंदाचा भाजीतला हात थांबला. "म्हणजे क्वार्टरसाठी नव्हतं?"

"क्वार्टर कुठून आलं मध्येच?" ताई म्हणाली.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "आणि मी मेली इतकी वर्षं पहिली पोळी..."

"ती चालू ठेव," ताई म्हणाली.

मी सांगून टाकलं. रीळ मी बदललं होतं, मुद्दाम, तुझ्यासाठी. ताई म्हणाली, "ते त्याच दिवशी कळलं. तुझ्या थिएटरात तीनला काय लागतं ते अर्ध्या मंत्रालयाला माहीत होतं." तरी ती गेली होती. तीनला काय लागतं हे माहीत असून, रेशमी साडी नेसून. याचा अर्थ मला आजही लागत नाही, आणि ती समजावून सांगणाऱ्यांतली नाही.

मी विचारलं, "ताई, मग मी वाईट केलं की बरं केलं? जुनं लावलं असतं तर निदान तुला आशा तरी..."

टीव्हीवर आता साबणाची जाहिरात चालू होती.

"पहिल्या वेळी तो ट्रकमध्ये बसून हात हलवून गेला," ती म्हणाली. "वीस वर्षं मी वाट बघितली, की हा काहीतरी म्हणेल. जुनं रीळ लावलं असतंस तर परत हात हलवूनच गेला असता. तुझ्यामुळे त्याला तोंड उघडावं लागलं. नाही म्हणायला का होईना, माझ्याशी बोलला."

मग तिने सुनंदाच्या पुढ्यातली निम्मी भाजी आपल्याकडे ओढली आणि निवडायला घेतली.